उतार शोधणारा डायवर

आमच्या डायवरला सगळा मुलूख उतारांवरून आठवायचा. कुणाच्या लग्नाला जाऊन आला आणि विचारलं, जेवण कसं होतं, तर सांगायचा, "मांडवामागं बेस उतार होता." जेवणाचं त्याला आठवायचं नाही. त्याच्या गाडीचा स्टार्टर कधीच मेला होता. सपाटीला लावली तर सकाळी ढकलायला माणसं गोळा करावी लागत. उतारावर लावली, की चाकाखालचा दगड काढायचा, गाडी सोडायची, मधेच गिअर टाकायचा, की ती ढेकर दिल्यासारखी चालू व्हायची. म्हणून माणूस सारखा उतार शोधत फिरायचा. तुमच्याशी बोलत असला तरी नजर जमिनीवर, सांडलेलं पाणी कुठल्या अंगाला जातं तिकडं. चहा घ्यायचा तो इंजिन चालू ठेवून, उभ्यानं, एक पाय गाडीच्या पायरीवर. मी म्हणायची, "बस की रे." तो म्हणायचा, "बसलो तर हीपण बसेल."

गाडी नाकवाली होती. पुढं लांब नाक, नाकात इंजिन, नाकाच्या दोन्ही बाजूंना बेडकाच्या डोळ्यांसारखे दिवे. चपट्या तोंडाच्या गाड्या नंतर आल्या आणि रस्त्यावर त्याच त्या दिसायला लागल्या. पण आमच्या तुर्भ्याच्या डोंगरातल्या खाणींवर सत्तर सालानंतरही बरीच वर्षं नाकवाल्या चालत होत्या.

आमची ओळख भांडणातून झाली. नवीन शहर बसवायचं म्हणून सरकारनं आमची खाडीकाठची भातशेती घेतली आणि भराव टाकायला सुरुवात केली. माझ्या शेतात मुरमाची पहिली गाडी आली ती ह्याची. गाडीच्या मागचा फाळका उघडून मजूर मुरूम ओढायला लागले तशी मी कोयता घेऊन गेले.

"कोनाला इचारून ओततंस रे?"

"हुकूम हाय, वैनी. मी नाय ओतला तर मागचा ओतील."

"मंग मागच्याला पन येऊ दे. त्याला पन बगते."

"बघा. पण शिव्या मला द्या, गाडीला नको. ती आजारी हाय."

माझं शेत बुजत होतं आणि ह्याला गाडीची काळजी. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून. मला वाटलं, लाजला. मग मान वर करून विचारतो, "हितं जवळपास कुठं उतार हाय का, वैनी?"

मी म्हटलं, "हाय. सरल खाडीत जातो."

तो खरोखर जाऊन बघून आला. म्हणाला, "जरा जास्तच हाय."

शेत गेलं तसं घरामागचं खळं रिकामं पडलं. झोडायला भातच नव्हतं. डायवरनं ते हेरलं. एक दिवस येऊन म्हणाला, गाडी उभी करायला जागा द्या, उतार मी करून घेतो. तो साताऱ्याकडचा, इथं एकटा, बायको गावाला. आमच्या ह्यांनी हो म्हटलं आणि पडवीतली खोलीही दिली. त्यानं मुरूम आणून खळ्यात चांगला लांब उतार घातला, पाणी मारून चोपला. मुरूम कुठून आणला ते मी विचारलं नाही. माझ्याच शेतातला असणार.

पुढं त्याची तक्रार सुरू झाली, की ह्या भागात उतारच राहिले नाहीत. जिथं बघावं तिथं सपाट. मी म्हटलं, "सपाट केलंन कोनी?" तर म्हणतो, "मीच की. पोटाला लागतं म्हणून केलं. म्हणून काय बोलू पण नको?" त्याच्याशी भांडण पुरं होत नसे. मधेच उठून जायचा. भांडणातसुद्धा त्याला एका जागी राहवत नसे.

ऐंशीच्या पुढं नाकवाल्या गाड्या कमी झाल्या. ज्यांच्या राहिल्या ते सगळे हळूहळू माझ्या खळ्यात जमायला लागले, कारण स्टार्टर सगळ्यांचेच मेलेले आणि गाडी सोडायला उतार तेवढाच एक. खाणीवरचा हमीद, आमच्या गावचा दगडू पाटील, आणखी दोघे-तिघे. रविवारी खेपा बंद. मग नाकं उघडून, डोकी आत घालून दिवसभर उभे. घरी बायका वाट बघायच्या. नवीन गाडी घेण्याइतकी ऐपत एकदोघांची होतीही. मी डायवरला विचारलं, कशाला हे लोढणं? तो म्हणाला, "वैनी, नवी गाडी नोकरी करती. जुनी गाडी नांदती." सकाळी नाकावर हात ठेवायचा तो उलटा, तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. दुसऱ्या कुणी नाकावर कोपर टेकलेलं त्याला खपत नसे.

त्यात वाशीच्या नव्या इमारतीत राहणारे एक कर्णिक यायचे. बँकेत होते. गाडी नाही, चालवता येत नाही, आणि तरी दर रविवारी हजर. लहानपणी त्यांच्या घरासमोर अशी एक गाडी उभी असायची म्हणे, एवढंच कारण. स्वतःच्या रुमालानं दिवे पुसायचे. दगडू त्यांना म्हणायचा, "साहेब, रुमाल घरी धुवायला टाकता तवा बाई काय म्हनत नाय?" कर्णिक म्हणायचे, "म्हणते ना. पण तिला वाटतं, मी दुसरीकडे कुठे जाण्यापेक्षा हे बरं." डायवरनं त्यांना गाडीत बसवून एकदा उतारावरून सोडलं. कर्णिक आठवडाभर ते सांगत होते.

ह्या जुन्या गाड्यांचे सुटे भाग दुकानात मिळेनासे झाले होते. एक गाडी कायमची बसली, की तिचे भाग बाकीच्यांत जायचे, अशी त्यांच्यात रीत पडली. आणि इथं डायवरची एक खोड होती. त्याला नाही म्हणता यायचं नाही. त्याच्या गाडीचा गिअरबॉक्स सगळ्यांत चांगला. हमीदला म्हणाला, "माझ्यामागं तुला." दगडूलाही तेच म्हणाला. तिसऱ्यालाही म्हणाला असणार. मी म्हटलं, "अरे, एक गिअरबॉक्स किती जनांना देशील?" तो म्हणाला, "मी असेपर्यंत कुणाला द्यायचाच नाय. मंग बोलायला काय जातंय?"

खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली होती. खोकला वाढला, मग दम लागायला लागला. डॉक्टरांनी आडवं पडून राहायला सांगितलं. हा तासाभरात उठून बाहेर, गाडीभोवती फेऱ्या. मी ओरडले तर म्हणायचा, "पडलो की श्वास पण पडतो." शेवटी बायको गावाहून न्यायला आली. मोठी धीराची बाई. खोलीतलं त्याचं सामान बांधताना मला म्हणाली, "ह्यांनी घरात पेटी ठेवली तर तीपण दाराच्या तोंडाला ठेवायचे. कधी उठतील नेम नाय."

निघताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, माझं काय झालं तर गाडीचं काय करायचं ते तुमी ठरवा."

"मी कशाला? तुजे दोस्त हाईत ना."

"ते रडत बसतील. तुमी नाय रडायच्या."

मी म्हटलं, "मी कशाला रडू? जा, बरा होऊन ये." तो गेला. परत आला नाही. गावाकडून भाजी घेऊन बाजारात आलेल्या एका गाडीवाल्यानं निरोप सांगितला.

दहाव्याला जायचं तर एस.टी.नं जावं की नाही? पण ह्या गाडीवाल्यांना ते पटेना. हमीद म्हणाला, "त्याच्या दारात नाकवालीच उभी रायली पायजे." घाट चढून तीन जुन्या गाड्या गेल्या. मी हमीदच्या गाडीत होते. गेलो, सगळं झालं, कावळा शिवला. त्याच्या बायकोला मी गाडीचं विचारलं. ती म्हणाली, "मला नको ती सवत. जन्मभर तुमच्याकडं होती, तुमीच बघा." येताना घाटात हमीदच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला. केवढा आवाज झाला. दोर बांधून तिला दगडूच्या गाडीमागं ओढत आणलं.

आता सरळ होतं. हमीदची गाडी बंद, घरात पोरंबाळं, खेपा बुडताहेत. डायवरची गाडी माझ्या खळ्यात उभी, तिचा गिअरबॉक्स चांगला. काढा आणि लावा. पण नाही. हमीद म्हणाला, "मला नको वैनी, दगडूला बोलला होता तो." दगडू म्हणाला, "छे, छे, तो हमीदचाच." तिसराही म्हणाला, मला नको. डायवर जिवंत असताना ज्याच्यासाठी एकमेकांशी वाद घालत होते, तो आता कुणालाच नको. कर्णिक म्हणाले, "आपण ती तशीच ठेवू या. वर पत्र्याची शेड करू. दसऱ्याला हार घालू." सगळ्यांनी माना हलवल्या.

रविवारी यायचे, नाक उघडायचे, आत बघायचे आणि बंद करायचे. पान्याला कुणी हात लावला नाही. हमीद दुसऱ्याच्या गाडीवर रोजानं जायला लागला. चपट्या तोंडाच्या. त्याची बायको माझ्याकडं येऊन बसायची, मागच्या दारातून गाडीकडं बघायची. खाडीची खारी हवा, लोखंडाला काय सोडते का? फाळक्याच्या कड्यांवर तांबेरा चढला. माझ्या कोंबड्या गाडीखाली अंडी घालायला लागल्या. मला त्या गाडीकडं बघवेना आणि घरातही बसवेना. सारखी मागच्या दारात येऊन उभी राहायची. देव माणूस नेताना कुणाला विचारत नाही, आणि इथं एक लोखंड सोडवायला कुणी पुढं येत नव्हतं.

एका रविवारी सगळे जमल्यावर मी म्हटलं, "उघडा."

कुणी हललं नाही.

"त्यानं मना सांगितलंन होतं, ठरव म्हनून. मी ठरवलं. हमीदला गिअरबॉक्स, बाकी दगडू बगल कोनाला काय ते. उरंल ते इकून त्याच्या बायकोला पाठवा. शेड नाय, हार नाय."

कर्णिक म्हणाले, "बाई, तुम्हाला काही वाटत नाही का हो?"

"वाटतं तर," मी म्हटलं. "हमीदच्या चुलीचं वाटतं."

तरी कुणी हलेना. हमीदनं तोंड फिरवलं. मग मीच हत्यारांच्या पेटीतला पाना घेतला, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले. त्या वेळी मी काही म्हातारी नव्हते. वर बघितलं तर नुसते नटच नट. गिअरबॉक्स कुठला हेही मला ठाऊक नव्हतं. हाताला आला त्या नटाला पाना लावला आणि दोन्ही हातांनी जोर केला. हलेना. टाचा रोवून आणखी जोर केला. वरून माती तोंडात पडली. नट किंचाळला.

"ओ वैनी," हमीद ओरडला. "उलटा फिरवताय. आटे जातील ना."

"मना नाय ठाऊक उलटा नि सुलटा," मी म्हटलं आणि पुन्हा जोर केला.

"अरे, थांबा. थांबा म्हनतो ना. पूरा बोल्ट मारून टाकाल." तो खाली वाकला, माझ्या हातातून पाना ओढून घेतला. "सरका बाजूला." मी सरकले. त्याच गोणपाटावर तो आडवा झाला. मग त्यानं पाना लावला. दगडू दुसऱ्या बाजूनं आत शिरला. थोड्या वेळानं त्यांची भांडणं सुरू झाली, कुठला नट आधी काढायचा त्यावरून. मग मी उठून भात टाकायला गेले.

संध्याकाळपर्यंत गाडी उघडी पडली. कर्णिकांनी काही मागितलं नाही. दगडूनं त्यांना एक दिवा काढून दिला तो त्यांनी दोन्ही हातांत धरून नेला. माझ्याशी ते बरेच महिने बोलले नाहीत. गावात मला कुणीतरी खाटीक म्हणालं, तेही कानावर आलं. हमीदची गाडी त्या आठवड्यात खाणीवर गेली. सांगाडा भंगारवाल्यानं ओढून नेला तेव्हा मी घरात होते, बाहेर आले नाही. खळं मोठं दिसायला लागलं. दोन-तीन दिवस कोंबड्या त्या जागेभोवती फिरत होत्या.

काही वर्षांनी दगडू पाटील गेला. त्याची गाडी त्याच्याच दारात उभी होती. बाराव्यानंतर हमीद मला बोलवायला आला. "चला वैनी, पैला नट तुमी खोला." मी म्हटलं, "तुमाला हात नाय का?" तो म्हणाला, "हात हाय. पन सुरुवात नाय होत."

गेले. सगळे गाडीभोवती उभे होते, हात मागं बांधून, एकमेकांकडं न बघता. कर्णिकही आले होते, केस पांढरे झाले होते, त्यांनीच गोणपाट अंथरून दिलं. मी खाली शिरले. तोवर नट कुठल्या बाजूला सुटतो ते मला चांगलं ठाऊक झालं होतं. तरी मी मुद्दाम पाना उलट्या बाजूला फिरवला आणि हमीद ओरडायची वाट बघत राहिले.