आठ लसूण

रंगारीकाकांना चहासुद्धा धड येत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. भिंतीवर मात्र हात असा, की ब्रशचा एक फराटा दिसेल तर शपथ. अशा माणसाने एका शनिवारी सकाळी बायकोसाठी हॉटेलसारखा लसणाचा चीज सॉस करायला घ्यावा, म्हणजे कमालच झाली!

पण कारणही तसंच होतं. काकू एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकीण, आणि सगळा स्वयंपाक नाकाच्या भरवशावर. मोठा ताप येऊन गेला आणि तीन महिने झाले तरी नाकाला कसलाच वास येईना. कँटीनमध्ये दोनदा पातेलं खाली लागलं, यांना पत्ताच नाही. मॅनेजर भला माणूस. सोमवारपर्यंत काय ते कळवा, म्हणाला. काकूंनी मनातून नोकरी सोडलीच होती. घरीही चार घास चिवडून उठायच्या, आणि काकांचा जीव नुसता तुटायचा.

मागे एकदा हॉटेलात काकूंनी हा सॉस बोटाने निपटून खाल्ला होता. सध्या काका त्याच हॉटेलचं स्वयंपाकघर रंगवत होते. तिथल्या आचाऱ्याने घाईघाईत सांगितलं आणि काकांनी रंगाच्या कार्डामागे लिहून घेतलं: लोणी, मैदा, दूध, चीज, मिरपूड, आठ लसूण.

आता आठ लसूण म्हणजे आठ लसूण! काकांनी बाजारातून आठ गड्डे आणले आणि तासभर सोलत बसले. नखं चुरचुरायला लागली, पण माणूस हटेल तर ना.

"अहो, मदतीला येऊ का?" काकूंनी बाहेरच्या खोलीतून विचारलं.

"तू बस गं. गुठळ्या कशा मोडायच्या ते मला नको शिकवूस. जन्म गेला त्यात."

आणि खरंच, तेवढं काम त्यांनी झकास केलं. लोण्यावर मैदा परतला, कोरड्या रंगात पाणी घालावं तसं कोमट दूध थोडं थोडं ओतत घोटत राहिले. एक गुठळी नाही! गॅस बंद करून किसलेलं चीज आणि मिरपूड घातली. मग शेजारच्या शेगडीवर कढईत लोणी टाकून त्यात तो लसणाचा डोंगर ओतला, आणि स्वारी सॉसकडेच कौतुकाने बघत राहिली.

"अहो, लसूण करपतोय!"

काकांनी दचकून गॅस बंद केला. "अगं, ओरडतेस काय, आत्ताच तर टाकला..." आणि ते गर्रकन दाराकडे वळले.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. "किती हा लसूण! आठ पाकळ्या म्हणाला असेल हो तो, गड्डे नव्हेत! अख्ख्या गल्लीला वास गेला असेल..." बोलता बोलता त्या झपकन पुढे आल्या. काकांची बाही धरून त्यांनी नाकाशी नेली.

"टर्पेंटाइन," त्या म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. काकांचेही डोळे भरून आले. "लसूण झोंबतोय," असं ते उगाचच म्हणाले.

डोळे पुसल्यावर काकूंनी न करपलेल्या आठ पाकळ्या निवडून सॉसमध्ये घातल्या, दोन चमचे खाल्ले आणि मॅनेजरला फोन लावला.

"सोमवारी येतेय मी," त्या म्हणाल्या. "आणि हो, मी पोचेपर्यंत माझ्या शेगडीला कुणी हात लावायचा नाही!"