ओसाकाचं स्कोअरकार्ड

मंडळी, आज सकाळी इथे अमेरिकेत, नेपरव्हिलहून ट्रेनने ऑफिसला जाताना समोर दोन अमेरिकन आजोबा बसले होते. डोक्यावर बेसबॉलच्या टोप्या, आणि विषय अर्थातच प्लेऑफ्स. "या वर्षी तरी जिंकायला हवं यार," असा एकूण सूर.

मग गप्पा परदेशवाऱ्यांवर घसरल्या. एका आजोबांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. जपानला फिरायला गेले असताना ते ओसाकात बेसबॉलची मॅच बघायला गेले होते आणि सवयीप्रमाणे पेन्सिलने स्कोअर लिहीत होते. शेजारचा जपानी माणूसही तेच करत होता. एकमेकांची भाषा शून्य! मॅच संपल्यावर दोघांनी कागद शेजारी धरले. खुणा वेगळ्या, पण एकही आउट चुकला नव्हता. मग त्यांनी कागदच बदलून घेतले; पाकिटातला हा त्या जपानी माणसाचा.

मला राहवलं नाही. "तुम्हाला हे वाचता येतं?"

आजोबांनी बोट ठेवून अख्खी पहिली इनिंग वाचून दाखवली.

नागपूरला बाबाही रेडिओ ऐकत क्रिकेटचा स्कोअर असाच वहीत लिहायचे. तुमच्या घरी आहे कोणाची अशी वही? असेल तर जपा. अमेरिकेला निघताना घर आवरलं, तेव्हा बाबांच्या वह्या मीच रद्दीत घातल्या.