हाताची घडी

दुसरीच्या बाईंनी तीस वर्षांत एक वाक्य लाखभर वेळा तरी म्हटलं असेल: "हाताची घडी, तोंडावर बोट!" वर्गात कुणी चकार शब्द काढत नसे, आणि त्याचा बाईंना कोण अभिमान!

मग नव्या हेडमास्तरांनी फतवा काढला. दर वीस मिनिटांनी मुलांना उठवायचं, हलवायचं, तेही धडा न थांबवता. "हा वर्ग आहे का आखाडा?" बाई करवादल्या. पण करतात काय! बाकं भिंतीकडे सरकवली, चपला दाराबाहेर काढायला लावल्या आणि उड्या मारत बेरजा सुरू केल्या. तीन अधिक चार, सात उड्या. खालच्या मजल्यावरचे मास्तर डोकं धरून बसले, ते सोडा; पण वर्षभर अडखळणारी पोरं पंधरवड्यात हातच्याच्या बेरजा करू लागली.

बाईंना आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. घरी येऊन त्या ढसाढसा रडल्या.

त्यांची स्वतःची लेक याच वर्गात शिकली होती. सगळे तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी बसेल तर शपथ! बाईंच्याच लेकीने वळवळ करावी? लोक काय म्हणतील! म्हणून बाईंनी तिला इतरांच्या दुप्पट दामटलं. मांडीखाली हात घालून बसवलं. वर्ष सरता सरता पोर शहाणी झाली. इतकी शहाणी, की आता परगावच्या कचेरीत दिवसभर खुर्चीत असते आणि घरी आली तरी कोपरा धरून गप्प बसते. ती एकदा, एकदाच, उडी मारताना दिसावी, एवढंच बाईंना हवं होतं. रोज चाळीस पोरांत त्या तिलाच शोधायच्या.

यंदा रजेवर आली तेव्हा बाई हट्टालाच पेटल्या. "चल गं, माझा वर्ग बघायला!" भिंतीकडच्या बाकावर तिला बसवलं, फळ्यावर पाच अधिक सहा लिहिलं आणि ओरडल्या, "उठा रे!" वर्ग उसळला. गुडघ्यांची पर्वा न करता बाईही उडाल्या. नऊ, दहा, अकरा!

लेक बाकावरच होती. हसत होती, पावलं खालच्या खाली नाचत होती. बाई धापा टाकत जवळ आल्या, तसं तिने एक बोट वर केलं.

"बाई," ती म्हणाली. आई नव्हे, बाई. "मी उठू?"

बाईंनी दोन्ही हात पुढे केले.