कुंकवाएवढी जागा

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला नाही. ज्या मॅडमनी मला हाताला धरून शिकवलं त्यांना तर नाहीच — त्या अजूनही नव्या मुलींना माझं उदाहरण देतात. तुम्ही अनोळखी आहात म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा आधी स्वतःची चांगली बाजूच लिहून झाली. ती खोडली.

तर, कातडीपासून सुरू करते. माझं कामच ते आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकले, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि आता उन्हापासून वाचवणारी मलमं बनतात तिथे नोकरी करते. कधी मलकापूरच्या, कधी शेगावच्या शाळांत मुलींशी बोलायला बोलावतात. मी सांगते, चेहरा वयानं म्हातारा होतो त्याहून जास्त उन्हानं होतो. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजेनचे धागे असतात, बाजेच्या सुतळीसारखे विणलेले. ऊन ते रोज थोडे थोडे तोडतं. सुतळी तुटली की बाज झोळते, तशी कातडी झोळते. पटत नसेल तर घरी जाऊन आजीच्या दंडाची आतली बाजू बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं.

मग मी एक चित्र दाखवते. एका बाईचं कपाळ. डोळ्यांवर काळी पट्टी. कपाळभर वाळलेल्या चिंचेच्या सालीसारख्या सुरकुत्या, आणि मधोमध एक गोल जागा — गव्हाळ, गुळगुळीत, विशीतल्या पोरीची. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या रेघा त्या गोलाच्या काठाशी येऊन थांबतात. मुली "अय्या" म्हणतात. चित्राखाली लिहिलंय, 'शेतमजूर स्त्री, वय पन्नाशी'.

ते कपाळ माझ्या आत्याचं आहे.

पण हे काही कबूल करण्याजोगं नाही. एवढंच असतं तर मी झोपले असते.

वच्छलाआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी तिसरीत असताना तिचा नवरा वारला आणि ती जळगाव जामोदजवळच्या आमच्या गावी परत आली. मूलबाळ नव्हतं. सासरी दहाव्याला बायका तिचं कुंकू पुसायला बसल्या होत्या म्हणे. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. विहिरीवर गेली, स्वतः तोंड धुतलं, आणि परत आली ती कुंकू लावूनच. विचारणाऱ्यांना तिचं उत्तर ठरलेलं होतं — "तो माह्या जिंदगीत आला त्याच्या आंधीपासून कुकू हाय माह्या कपायावर. तो गेला त मी काऊन पुसू?"

आधी मेण, मग वर कुंकू. रुपयाएवढं, जाड, जुन्या बायका लावत तसं. न्हाणीतून बाहेर यायच्या आत लावून झालेलं असायचं. चौदा वर्षं तिचं मोकळं कपाळ कुणी पाहिलं नव्हतं, मीही नाही. निंदणाला गेली की बायका टोचायच्या, "कोनासाठी लावून राह्यली वं वच्छे?" ती विळा न थांबवता म्हणायची, "तुह्या नवऱ्यासाठी, बाई. आवडलं का, इचार त्याले." दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा टोचायच्या.

बारावीनंतर वडील म्हणाले, पुरे. आत्या मला घेऊन जिल्ह्याला गेली. माझ्या प्रवेशाच्या फॉर्मवर पालकाच्या जागी तिचा अंगठा आहे. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेघा इतक्या झिजल्या होत्या की कारकुनानं तीनदा अंगठा उमटवायला लावला. हे मी का सांगतेय? तुम्हाला तिची किंमत कळावी म्हणून. आणि मला ती तेव्हाही ठाऊक होती, हे तुम्हाला कळावं म्हणून.

शेवटच्या वर्षी सेमिनार होता. विषय — उन्हानं येणारं म्हातारपण. एकाच माणसाची झाकलेली कातडी आणि उघडी कातडी शेजारी शेजारी दाखवायची. सगळ्यांनी दंड आणि मनगट घेतलं होतं. मला कुणाकडे नसलेलं काही हवं होतं. दिवाळीत घरी गेले. आत्या चुलीपाशी घाम पुसत होती, पदराच्या टोकानं कुंकवाचा काठ जरासा फरकटला आणि खाली गव्हाळ कड दिसली. मेण आणि कुंकू — तीस-पस्तीस वर्षं ऊन तिथून आत गेलंच नव्हतं. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. शिकले होते ना मी.

विचारता आलं असतं. "आत्या, माझ्या अभ्यासासाठी दोन मिनिटं कपाळ दाखवशील?" दाखवलं असतं का तिनं? माझ्यासाठी दाखवलं असतं. मी विचारलं नाही. मी म्हणाले, हल्ली कुंकवात भेसळ असते, खालची कातडी खराब होते, मला तपासू दे. टिकलीच्या गोंदानं काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, असं आम्हाला शिकवलं होतं, ते मला आठवत होतं. अर्ध्या खऱ्यावर खोटं किती घट्ट बसतं.

अंगणात, चांगल्या उजेडात, तिला पाटावर बसवलं. कापसाच्या बोळ्याला खोबरेल लावलं आणि माझ्या हातानं तिचं कुंकू पुसलं. जे दहाव्याच्या बायकांना जमलं नाही, ते. ती डोळे मिटून बसली होती, न्हाऊ घालताना लहान मुलगी बसते तशी. मी चार फोटो काढले.

मग तिनं आरसा मागितला.

तिनं त्या गोलाच्या काठावरून बोट फिरवलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "कोड फुटलं का वं?"

इथे थांबा जरा. तो डाग नव्हता. तो तिचा रंग होता, जन्माचा, लग्नाच्या वेळचा. डाग बाकीचा चेहरा होता, उन्हानं केलेला. आरशात तिला तिची विशीतली कातडी दिसत होती आणि ती तिला भीत होती. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

मी म्हणाले, "सुरुवात आहे, आत्या. कुंकू बंद कर."

वर एक मलमाची ट्यूब दिली. साधं, कातडी मऊ ठेवणारं मलम, लहान बाळांना लावतात ते.

कोड म्हणजे गावात काय, हे तुम्हाला सांगायला नको. तिनं पदर भुवयांपर्यंत ओढला. निंदणाला जायची तर भाकरी लांब बसून खायची. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःच. पाण्याच्या गुंडाला हात लावायची नाही, दुसरी ओतेल तेव्हा ओंजळीनं प्यायची. कोडाचं तिनं कुणाला कळू दिलं नाही, त्यामुळे तिनं कुंकू सोडल्याचा बायकांनी वेगळाच अर्थ लावला. "आली बाई लायनीवर," असं आईनंच मला फोनवर हसत सांगितलं, कोण काय म्हणालं ते. सेमिनारला माझा पहिला नंबर आला.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीत मी तिचं कपाळ तपासायची. तिला वाटे, पोरगी इलाज करून राह्यली. मी फोटो काढत होते. शेतात वाकलं की पदर मागे पडतो; ऊन आपलं काम करत होतं. गव्हाळ गोल आधी तांबूस झाला, मग काळवंडला. काठाशी थांबलेल्या रेघा एकेक करून आत आल्या. तीन वर्षांत ती जागा म्हातारी झाली. असा क्रमवार पुरावा सहसा कुणाला मिळत नाही. मी तो जपून ठेवला. अजून आहे.

आणि हेही ते नाही. त्याच्याच भोवती फिरतेय मघापासून.

माझं लग्न ठरलं. मलकापूरचं घर, सासरे शिक्षक, शिकलेली माणसं. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात आत्या माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं स्वतःहून पदर मागे केला. "पाय बरं. सारखं झालं सारं. तुह्या औषधानं गेलं." चेहरा नुसता फुलला होता. मग कमरेच्या पिशवीतून तिनं करंडा काढला. घासून लख्ख केलेला, आत नवं मेण.

"आता लावू का?"

आता कसलं भय होतं मला? डाग नव्हता. सेमिनार होऊन गेला होता. हो म्हटलं असतं तर माझं एकही खोटं उघडं पडत नव्हतं. मला फक्त डोळ्यांपुढे दिसलं — मांडवात पहिल्या रांगेत, सासूबाईंच्या शेजारी, रुपयाएवढं कुंकू लावलेली विधवा.

"नको आत्या," मी म्हणाले. "पुन्हा फुटेल."

तिनं करंडा बंद केला. "बरं," म्हणाली. "तुले समजते."

तेव्हा मला पहिल्या वेळी खोटं का बोलले तेही कळलं. फार आधी ती मला भेटायला वसतिगृहावर आली होती. तिचं कपाळ बघून मुलींनी विचारलं, काका काय करतात. मी म्हणाले, शेती. ती शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं. मला ते कुंकू तेव्हापासून नको होतं. गावातल्या बायका निदान तोंडावर म्हणायच्या. मी शास्त्र शिकून आले आणि कापसाच्या बोळ्यानं काम केलं.

लग्नात ती मागच्या रांगेत, मोकळ्या कपाळानं उभी होती. तीन वर्षं जे लपवलं ते त्या दिवशी माझ्या सासरच्या बायकांना अभिमानानं सांगत होती, "माह्या पोरीनं माह्यं कोड बरं केलं." त्या अजूनही त्यांच्या ओळखीच्या बायका माझ्याकडे पाठवतात.

मागच्या महिन्यात गावी गेले होते. आत्या साठीला आली. कपाळ आता सगळीकडे सारखं — ती जागा शोधूनही सापडत नाही. मी तिच्यासाठी आमच्याकडचं उन्हाचं मलम नेलं होतं. हे रोज लाव म्हटलं, ऊन लागणार नाही. तिनं ट्यूब दाबली, मधल्या बोटावर थोडंसं घेतलं आणि दोन भुवयांच्या वर, बरोबर मधोमध, गोल फिरवून लावलं. आरशाशिवाय. रुपयाएवढं, पांढरं.

"सगळ्या तोंडाले लावतात, आत्या," मी म्हणाले.

"बाकीच्याले काय झालं?" ती म्हणाली. "खराब त एवढंच होतं न."

मी ट्यूबचं झाकण लावलं.