कुरडयांवर पडलेलं पिल्लू

लग्न होऊन बेलापूरला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मागचं दार उघडलं आणि जागीच उभी राहिले. समोरच्या चिंचांवर वटवाघळं टांगलेली होती. लहानसहान नव्हेत, चांगली मोठी, फळं खाणारी. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ज्यांचं चित्र आजवर नुसतं फळ्यावर काढलं, ती आता माझ्या परसात राहत होती.

आम्ही दोन जावा. थोरल्या जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांचं आणि वटवाघळांचं जुनं वैर. "दोरीवर एक कापड सुकवायची सोय न्हाई," असं त्या रोज म्हणायच्या. एका मे महिन्यात तर त्यांनी भाऊजींना बजावूनच ठेवलं, की येत्या रविवारी चिंचेखाली फटाके लावा आणि ही बला एकदाची घालवा. मी पुष्कळ सांगून पाहिलं, की आत्ता त्यांची पिल्लं लहान आहेत. पण ऐकतंय कोण.

त्याच आठवड्यात ऊन फार तापलं. दुपारी मागे गेले तर वारा नसताना सगळी चिंच हलत होती. वटवाघळं पंखांनी स्वतःला वारा घालत होती. काही अंग चाटून ओलं करत होती. त्यांना घाम येत नाही, म्हणून ही त्यांची तऱ्हा. मी मान वर करून पाहत राहिले. एवढ्यात मागून ताईंची हाक आली.

"अगं, हिकडं ये. कुरडयांवर काय पडलंय बघ."

चिंचेच्या कडेला बाजेवर कुरडया वाळत होत्या. त्यांच्यात मुठीएवढं तपकिरी पिल्लू पंख पसरून पडलं होतं. तोंड थेट कोल्ह्याच्या पिल्लासारखं, डोळे टपोरे, आणि सारखं चिरचिरत होतं.

"मेलं का काय?" ताईंनी विचारलं.

"ओरडतंय म्हणजे जिवंत आहे. हात नका लावू, चावलं तर पंचाईत."

माझे मिस्टर नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांचे वेल्डिंगचे जुने चामडी हातमोजे पडवीत होते, ते मी चढवले. पिल्लू उचललं आणि पाहिलं, तर कुठे जखम नव्हती. हातमोज्याला त्यानं पायांच्या नख्यांनी अशी काही मिठी मारली की सुटेना. इतकी वर्षं शिकवत आले, पण जिवंत वटवाघूळ हातात पहिल्यांदाच आलं होतं.

"आता दूध पाजायचं व्हय ह्याला?"

"नाही ताई. ह्याची आई वरच आहे. ती आवाजावरून, वासावरून आपलं पिल्लू ओळखते. आपण फक्त उंच टांगून ठेवू."

ताईंनी गोणपाटाचा तुकडा आणला आणि चिंचा पाडायच्या लांब काठीच्या टोकाला स्वतः घट्ट बांधला. मी पिल्लू त्याला चिकटवलं. आपोआप उलटं होऊन ते लटकलं. मग दोघींनी मिळून काठी उचलली आणि खालच्या फांदीच्या बेचक्यात टेकवून बुंध्याला बांधून टाकली.

आम्ही पडवीत येऊन बसलो. पिल्लू ओरडत होतं. वरची ओरडत होती, भांडत होती. दिवस कलला तरी कुणी खाली येईना.

"न्हाई येत वाटतं," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता.

सूर्य मावळताना एकेक वटवाघूळ सुटून नदीच्या दिशेनं निघालं. आभाळ भरून गेलं. पण त्यातलं एक मागे वळलं. चिंचेभोवती त्यानं घिरटी घेतली, परत घेतली, आणि खालच्या फांदीवर धपकन येऊन लटकलं. ताईंनी माझा दंड धरला.

ती आईच होती. अंगठ्यांच्या नख्या रोवत, सरपटत ती काठीपर्यंत आली. पिल्लाला हुंगलं, चाटलं. पिल्लानं गोणपाट सोडलं, ते तिच्या छातीवर चढलं आणि त्यानं काखेत तोंड घातलं. तिनं पंख मिटून त्याला झाकून घेतलं.

"पाजतीया," ताई कुजबुजल्या. "अगं, पाजतीया ती त्याला. आपल्यासारखीच."

"आपल्यासारखीच. एका वेळी एकच पिल्लू होतं तिला."

थोड्या वेळानं तिनं फांदी सोडली. क्षणभर वाटलं, पडतात दोघं. पण पंख उघडले आणि पिल्लू छातीशी घेऊन ती उसाच्या रानावरून निघून गेली. आम्ही दोघी परसात धावलो आणि दिसेनाशी होईतो पाहत राहिलो. मी हातमोजेही काढले नव्हते.

रविवारी फटाके काही वाजले नाहीत. भाऊजींनी विचारलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, लेकुरवाळ्या हायेत त्या." मग मोबाईल घेऊन मिरजगावला आपल्या बहिणीला फोन लावला आणि सगळी हकिगत हातवारे करकरून सांगितली. त्यात काठी त्यांनी एकटीनंच उचलली होती.