मोहरी दिसेल असा दगड

आमच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट निवडायला मी दोनदा गेलो. पहिल्यांदा मी निवडला, दुसऱ्यांदा आईनं.

शहराजवळच्या कुंभारीला घर बांधायच्या आधी बरीच वर्षं आम्ही सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो. तिथला ओटा म्हणजे विटांच्या दोन बुटक्या भिंती आणि वर शहाबादी फरशी. करड्या रंगाची, खडबडीत, कडेचा टवका उडालेली. आई सांगोल्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्न होऊन शहरात येईपर्यंत तिनं चुलीपुढं बसूनच रांधलेलं. उभ्यानं भाकरी थापायला ती त्या फरशीवर शिकली. वडील लवकर गेले, मग ती टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाऊ लागली. निघण्याआधी फरशीवर आम्हा भावंडांचे डबे भरून ठेवलेले असायचे. ओल्या फरशीचा आणि नुकत्याच कुटलेल्या शेंगाचटणीचा मिळून एक वास यायचा. तो आता कुठं येत नाही.

मला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं, आणि पुढं काही वर्षांनी घर उभं राहिलं. ओट्याचा दगड बघायला मी आईला आणि बायकोला घेऊन अक्कलकोट रस्त्यावरच्या एका ग्रॅनाइटच्या वखारीत गेलो. उन्हात लोखंडी घोड्यांना टेकवलेल्या लाद्यांच्या रांगा होत्या. तपकिरी, तांबड्या, हिरवट, पोलादी करड्या. कामगारानं पाण्याचा मग भिरकावला की धुळकट लादी एकदम जागी व्हायची आणि तिचा खरा रंग वर यायचा. मला मात्र काळाच हवा होता. सोनेरी ठिपक्यांचा, ज्याला तिथं ब्लॅक गॅलेक्सी म्हणत होते. आमच्या मुख्याध्यापकांच्या घरी तसा ओटा होता आणि त्यात त्यांच्या चहाच्या कपबशा उलट्या दिसायच्या.

"आई, हा कसा वाटतोय?"

"तुला आवडलाय न्हवं? मग झालं की."

तिच्या या बोलण्याला मी होकार समजलो.

वास्तुशांतीला गावाकडचे सगळे आले. प्रत्येकानं ओट्यावरून हात फिरवला, वाकून आपलं तोंड बघितलं. मी येईल त्याला दगडाचं नाव सांगत होतो. आई कोपऱ्यात उभी राहून हसत होती.

पुढं दोन-तीन महिन्यांनी तिनं ओट्यावर पांढरा टॉवेल अंथरायला सुरुवात केली. कारखान्यातले जुने टॉवेल तिच्याकडं पुष्कळ होते. मला ते खटकायचं. "एवढा चांगला ओटा आणला आणि तू झाकून ठेवतीस," असं मी एकदा जरा चिडूनच म्हणालो. तिनं टॉवेलाची घडी केली आणि फडताळात ठेवली. मी शाळेला गेलो की ती तो परत काढते, हे बायकोनं मला फार नंतर सांगितलं.

एकदा तापामुळं मी घरीच होतो. चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. बायको बाहेर धुणं वाळत घालत होती. फोडणीची मोहरी ओट्यावर सांडली होती आणि आई तळवा दगडावर हळूहळू सरकवत ती गोळा करत होती. डोळे समोर भिंतीकडं. तिथंच काळ्या मुठीची सुरी पडलेली होती. मी "आई, सुरी" म्हणेपर्यंत तिचा तळवा पात्यावरून गेला. तिनं हात झटकला, नळ सोडला. मी ओट्याकडं बघितलं. रक्त सांडलं होतं, पण काळ्या दगडावर मलासुद्धा ते नीट दिसेना. नुसतं पाणी पडल्यासारखं वाटत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येणार नाही, राहिलंय ते औषधानं सांभाळू, म्हणाले. गडद वस्तू गडद जागेवर असेल तर यांना ती वेगळी दिसणारच नाही, हेही सांगितलं.

रिक्षात मी विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, वयानं हुतंय."

"आणि ओट्याचं?"

तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "तू लई हौसंनं आणला हुता रं."

मी रस्त्याकडं बघत राहिलो. घर येईपर्यंत मला तिच्याकडं बघवेना.

त्याच रविवारी आम्ही पुन्हा वखारीत गेलो. आईच्या हातात कापडी पिशवी होती. मालक अक्कलकोटकडचा, कानडी वळणाचं मराठी बोलणारा. त्यानं तिला 'अव्वा', म्हणजे आई, म्हणत खुर्ची दिली. ती बसली नाही. लहान तुकडे फळीवर मांडायला लावले आणि पिशवीतून एकेक वस्तू काढली. मोहरीची पुडी, सुकी मिरची, गुळाचा खडा, सुरी, चमचा, चिमूटभर ज्वारीचं पीठ. मालक आधी हसला, मग जवळ येऊन उभा राहिला.

तांबड्या दगडावर मिरची दिसेना. तपकिरीवर गूळ गेला. पोलादी रंगावर चमचा आणि सुरीचं पातं दोन्ही नाहीशी झाली. मग कामगारानं पांढरा तुकडा ठेवला, त्यात बारीक तांबूस ठिपके होते. आईनं ठिपके नखानं उचलायचा प्रयत्न केला.

"ह्यावर काय सांडलंय?"

"दगडातच हाय ते, अव्वा," मालक म्हणाला.

"मग नगं. दिवसभर येचतच बसंन मी."

सगळे हसलो, तीही हसली. शेवटी एक फिकट तुकडा आला, दुधात राख कालवल्यासारखा, ठिपके नसलेला. त्यावर मोहरी टिपून घ्यावी इतकी लख्ख दिसली. मिरची, गूळ, सुरी, सगळं दिसलं. पीठ तेवढं दिसलं नाही.

"पीठ हाताला कळतंय," आई म्हणाली. "ह्योच द्या."

"पांढऱ्यावर हळद बसते बघा, अव्वा. डाग जात न्हाय."

"बसू द्या की. दिसंल तरी."

गवंड्यानं काळी लादी काढताना ती मधोमध तडकली. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. नवा ओटा बसला त्या सकाळी आईनं आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि एकटीनं भाकरी, पिठलं आणि वांग्याची भाजी केली. आतून भाकरी थापल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्यानंतर तीन वर्षं ती रोज तिथं उभी राहिली. मग नजर पुरतीच विझली. तेव्हा बायकोनं तिच्यासाठी दाराशी स्टूल ठेवलं. ती बसून राहायची, आणि तेल तापलं की तिथूनच म्हणायची, "टाक आता जिरं." बायको "व्हय, आत्या" म्हणायची आणि टाकायची. जिरं तडतडलं की आईची मान हलायची. शेवटच्या आजारात खाटेला खिळेपर्यंत असंच चाललं.