हिरवं बटण कोणत्या बाजूला?

मोबाइल बनवणाऱ्या तमाम कंपन्यांनी हात जोडून ज्याची माफी मागावी असा एकच माणूस या पृथ्वीवर असेल, तर ते माझे मामा. हे मी भाचीच्या मायेने म्हणत नाही, रागाने म्हणते. एकतीस वर्षं मामांनी अमरावती-अकोला रस्त्यावर बस चालवली. जुन्या, कोऱ्या, खिळखिळ्या अशा किती गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या याची मोजदाद नाही, पण एकाही गाडीत क्लच उजवीकडे निघाला नाही. मामांचा मनुष्यजातीवरचा सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा होता. "कोन्याबी कंपनीची गाडी दे," ते म्हणायचे, "डोये मिटून बसतो. डाव्या पायाखाली क्लच, मधात ब्रेक. बनवनारा जपानचा असो का पुन्याचा, मानसाचा पाय त्याले मालूम असते."

अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर स्मार्टफोन आला आणि त्यांना पहिला धक्का बसला. फोन घट्ट धरायचा ही स्टिअरिंगची सवय. आणि त्या फोनची आवाजाची नि बंद करायची बटणं अशी समोरासमोर, की मूठ आवळली की पडद्याचा फोटो निघायचा. त्यांच्या फोनमध्ये लेकरा-नातवंडांचे फोटो सहा आणि पडद्याचे चारशे. पुढचा फोन आला, तर त्यात दोन्ही बटणं एकाच बाजूला. तो घेऊन मामा एका तेरवीला गेले. भजन संपून सगळे गप्प बसलेले असताना फोन वाजला. मामांनी आधीच्या फोनसारखं बटण दाबून धरलं, म्हणजे तो बंद व्हावा. बंद कुठला! आतून एक बाई ठणठणीत आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" मामा उठून उभे राहिले. "बाई, मी तुमाले आवाज नाई देला," असं म्हणत त्यांनी घाबरून तेच बटण पाच-सहा वेळा भराभर दाबलं. त्या फोनमध्ये तसं दाबलं की पोलिसांना फोन लागतो हे कोणाला ठाऊक? तिकडून विचारणा झाली, काय घडलं आहे? "काई नाई साहेब, तेरवी हाय." कोणी मारलं? "कोनीच नाई साहेब, वयानंच गेले." मयताच्या थोरल्या मुलालासुद्धा तोंडावर उपरणं धरून आत जावं लागलं.

तेव्हापासून मामांनी तपासणीच हाती घेतली. लग्नात पंगत बसली की ते पाहुण्यांचे फोन मागून घेत, सतरंजीवर ओळीने मांडत आणि कडांवरून बोट फिरवत जात. मागे जायचा बाण एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. तिसऱ्यात बाणच नाही, पडद्याच्या कडेवरून बोट ओढायचं. "रिव्हर्सच काढून टाकला!" मामा ओरडले. "आन हे गाडी रस्त्यावर आनून राहिले? कोनं पास केली बे हिले?" एका लग्नात तर नवरदेवाचाही फोन त्या ओळीत होता. तो नापास झाल्याचं मामांनी स्टेजवर जाऊन त्याच्या सासऱ्यांच्या कानात सांगितलं.

मी हसायचे. मग एकदा आमच्याच घरातले चार फोन शेजारी ठेवून पाहिले आणि माझं हसू थांबलं. आलेला फोन उचलायचं हिरवं चिन्ह एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. तिसऱ्यात ते वर सरकवायचं, चौथ्यात नुसतं टेकायचं. लहानपणापासून मी अन्यायाविरुद्धची पत्रकं वाचत आणि वाटत आले, पण हा अन्याय रोज हातात घेऊन फिरत होते आणि मला तो दिसला नव्हता! कोट्यवधी माणसांच्या बोटांना लागलेली सवय कोणीतरी न विचारता मोडतो आणि वर त्याला नवं मॉडेल म्हणतो. "मामा, मी यावर पत्रक काढते," मी म्हटलं. "काढ," मामा म्हणाले, "पन मोठ्या अक्षरात."

पण हा विनोद एके दिवशी मामांच्या घरात शिरला. त्यांचा मुलगा, माझा मामेभाऊ, अकोल्याला राहतो. दीड वर्षापूर्वी भातकुलीच्या एका साखरपुड्यात त्याने सगळ्या सोयऱ्यांसमोर मामांच्या हातातून जीपची चाबी काढून घेतली होती. "बाबा, आता राहू द्या. तुमचे हात चुकतात." मामा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि मग दीड वर्ष त्याच्याशीच बोलले नाहीत. मामी गुपचूप बोलायची. मामा तिला शेजारच्या खोलीतून ओरडायचे, "जेवला का म्हना तो."

त्या दिवशी मामी मोझरीला गेली होती. मी आणि मामा समोरासमोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. नवा फोन घेऊन चारच दिवस झाले होते. जुन्याची बॅटरी फुगली होती. फोन वाजला आणि पडद्यावर मामेभावाचं नाव आलं. मामांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांचा अंगठा जुन्या फोनच्या सवयीने डावीकडे गेला. तिथे आता लाल होतं. फोन कापला गेला. लगेच पुन्हा वाजला, पुन्हा अंगठा डावीकडे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मामांचा हात हवेतच थांबला. मी ओरडले, "उजवीकडे, मामा!"

"तुह्या उजवीकडे का माह्या?" त्यांनी घाबरून विचारलं.

"माझ्या!" मी म्हटलं. मी त्यांच्या समोर बसले होते. माझी उजवी म्हणजे त्यांची डावी. तिसराही कापला गेला.

चौथा आलाच नाही. मी उलटा लावून पाहिला, तर त्याचा फोन बंद. संध्याकाळी मामीने परत आल्यावर अकोल्याला फोन करून सगळं सांगितलं, पण मामेभाऊ म्हणाला, "आई, तू त्याईची बाजू घेऊन राहिली. तीनदा केला, तीनदा कापला. समजलं मले." बाप-लेक पुन्हा तुटले होते ते कोणाच्या रागामुळे नाही, अर्ध्या बोटाच्या अंतरामुळे.

सकाळी मामांनी मला उठवलं. "चाल. तू गवाहदार हायस." बसमध्ये मी त्यांना शिकवत गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत मी दहा वेळा फोन लावला आणि दहाही वेळा त्यांनी बरोबर उचलला.

अकोल्याला मामेभावाने दार उघडलं. "बाबा? तुमी?" मामा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ना पाणी घेतलं, ना खुर्ची.

"तुहा फोन काढ. मले लाव."

"काहून? समोरच तं हाय तुमी."

"लाव म्हनलं ना बे!"

त्याने लावला. मामांच्या हातात फोन वाजायला लागला. त्यांनी एकदा पडद्यावरच्या नावाकडे पाहिलं, एकदा समोरच्या मुलाकडे, आणि त्यांचा अंगठा डावीकडे गेला. फोन कापला गेला. मला वाटलं, संपलं सगळं. पण मामांनी हात पुढे केला, तळहात वर करून. "पाह्यलं? असाच झालता काल. तू खरं बोलला होता भातकुलीले. चुकते माहा हात."

मामेभावाने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हात नाई चुकला, बाबा," तो म्हणाला, "बटन चुकलं." आणि मामा दीड वर्षांनी मुलाच्या घरात पाणी प्यायले.

पत्रक मी मोठ्या अक्षरात काढलं, अमरावतीत वाटलंही. एकाही कंपनीने आपलं बटण हलवलं नाही. आता मामेभाऊ रोज संध्याकाळी मामांना फोन करतो. पहिला फोन रोज कापला जातो. त्याला राग येत नाही. बाबांनी फोन हातात घेतला एवढंच तो समजतो, आणि पुन्हा लावतो. पण एखाद्या दिवशी पहिलाच फोन नीट उचलला गेला, की त्याचा आवाज बदलतो. "आई," तो घाईघाईने विचारतो, "बाबा कुठी हायेत?"